मामाच्या फळीवरचे डबे आणि बाजारातला पहिला नंबर



पेट पास होऊन आता सिनॉप्सिस लिहायला बसणार असाल, किंवा बसून कंटाळला असाल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. उदाहरण स्मार्टफोन कंपन्यांचं घेतलंय, कारण लहान गावातली मोबाइलची दुकानं हा माझा विषय आहे. पण तुमचा विषय सोयाबीनचं बियाणं असो, ट्रॅक्टर असो की खाद्यतेल, ही चूक तुमच्याही वाटेवर आहेच. मी ती केलेली आहे, म्हणून सांगते.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं. जसंच्या तसं देते:

‘२०१४ मध्ये पहिल्या क्रमांकावर असलेली मायक्रोमॅक्स ही भारतीय कंपनी चिनी कंपन्यांच्या स्वस्त फोनमुळे मागे पडली आणि ग्रामीण ग्राहकांनी शाओमीला पसंती दिली.’

वाचायला छान आहे ना? सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे, वर्तमानपत्रात शंभर वेळा आलेली आहे. गाइड मॅडमनी त्यात पेन्सिलीने चार गोल केले. ‘पहिल्या क्रमांकावर’, ‘पसंती’, ‘मुळे’ आणि ‘ग्रामीण’. समासात एवढंच लिहिलं होतं: ‘कोणी मोजलं? काय मोजलं? कुठे?’

मला राग आला होता, खरं सांगते. प्रत्येक शब्दाला माझ्याकडे कात्रण होतं. कात्रण वेगळं आणि पुरावा वेगळा, हे कळायला सहा महिने गेले. ते सहा महिने तुमचे वाचावेत म्हणून आज ते चार गोल एकेक करून सोडवू.

पहिला गोल : ‘पहिल्या क्रमांकावर’

आधी एक कोडं. २०२० च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत भारतात सगळ्यात पुढे कोणती स्मार्टफोन कंपनी होती?

काउंटरपॉइंटचा अहवाल उघडा. उत्तर : सॅमसंग, २४ टक्के. शाओमी २३ टक्के. दोन वर्षांनी सॅमसंग पुन्हा पहिली आली, अशा बातम्या तेव्हा झळकल्या. आता कॅनालिसचा अहवाल उघडा. उत्तर : शाओमी, २६.१ टक्के. सॅमसंग २०.४ टक्के. देश तोच, तिमाही तीच, कंपन्या त्याच. एकीकडे सॅमसंग एका टक्क्याने पुढे, दुसरीकडे जवळजवळ सहा टक्क्यांनी मागे.

बरं, एकूण किती फोन होते यावर तरी एकमत असावं? तेही नाही. कॅनालिस म्हणतं ५ कोटी. काउंटरपॉइंट म्हणतं ५.३ कोटींच्या वर. आयडीसी म्हणतं ५.४३ कोटी. म्हणजे एका तिमाहीच्या एकूण बाजारातच चाळीस-पंचेचाळीस लाख फोनांचा फरक.

यात कोणी खोटं बोलत नाहीये, हे आधी नीट लक्षात घ्या. या संस्था प्रत्येक फोन हाताने मोजत नाहीत. कंपन्यांकडून, वितरकांकडून, सुटे भाग पुरवणाऱ्यांकडून, दुकानांच्या नमुन्यातून माहिती गोळा करतात आणि आपापल्या पद्धतीने अंदाज बांधतात. अंदाजाला चुकीची मर्यादा असते, हे आपण कोर्सवर्कच्या सांख्यिकीत शिकतो. मात्र बातमीत येईपर्यंत ती मर्यादा गळून पडते आणि ‘२४ टक्के’ हा आकडा देवळातल्या शिलालेखासारखा पक्का वाटायला लागतो. दोन कंपन्यांतलं अंतर एका टक्क्याचं आणि दोन संस्थांच्या अंदाजातलं अंतर त्याहून मोठं, तेव्हा ‘पहिला कोण’ हा प्रश्नच त्या आकड्यांना झेपत नाही. इतकं साधं आहे.

पुढे जाऊ. एकाच संस्थेचा आकडा घेतला तरी आणखी चार फाटे फुटतात.

पहिला फाटा, नग की रुपये? २०२४ ची जुलै-सप्टेंबर तिमाही, काउंटरपॉइंटचाच हिशेब. नगांमध्ये विवो पहिली, १९.४ टक्के. रुपयांमध्ये सॅमसंग पहिली, २२.८ टक्के, आणि तिच्या पाठोपाठ ॲपल, २१.६ टक्के. ॲपल नगांच्या यादीत पहिल्या तिघांतही नव्हती. दहा हजारांचा फोन आणि लाखाचा फोन नगांच्या मोजणीत सारखेच, एक आणि एक. तुमचा प्रश्न ‘किती लोकांच्या हातात’ असा असेल तर नग बघा. ‘कोणाकडे किती पैसा गेला’ असा असेल तर रुपये. प्रश्न आधी, आकडा नंतर.

दुसरा फाटा, तिमाही की वर्ष? कॅनालिसच्या हिशेबात २०२२ च्या शेवटच्या तिमाहीत सॅमसंग पहिली आणि शाओमी घसरून तिसरी. पण पूर्ण २०२२ साल धरलं तर शाओमीच पहिली. आता ‘२०२२ मध्ये शाओमीची सद्दी संपली’ हे वाक्य बरोबर की चूक? दोन्ही. आणि एक बारीकशी गोष्ट, जी मी स्वतः चुकले आहे : या अहवालांतली चौथी तिमाही म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आपण वाणिज्यवाले आर्थिक वर्षाच्या सवयीने जानेवारी-मार्च समजतो. माझ्या एका तक्त्यात सगळी दिवाळी शिमग्यात गेली होती.

तिसरा फाटा, फोन की स्मार्टफोन? २०१४ च्या एप्रिल-जून तिमाहीत काउंटरपॉइंटने मायक्रोमॅक्सला पहिलं ठरवलं, १६.६ टक्के विरुद्ध सॅमसंग १४.४. पण ते सगळ्या मोबाइल फोनांत, म्हणजे साधे बटणांचे फोन धरून. नुसते स्मार्टफोन घेतले तर त्याच अहवालात सॅमसंग पुढे होती. बातम्यांच्या मथळ्यात मात्र ‘मायक्रोमॅक्सने सॅमसंगला हरवलं’ एवढंच उरलं. २०१७ मध्ये मुंबईच्या रिलायन्सने जिओफोन आणला, पंधराशे रुपये परत मिळणारी अनामत ठेवून. त्यावर यूट्यूब चालायचं, २०१८ पासून व्हॉट्सॲपही आलं. तरी तो मोजला गेला साध्या फोनांच्या खात्यात. ‘डिजिटल ग्रामीण भारत’ असा विषय घेतला असेल तर ही खाती कोणी पाडली आणि कशी पाडली, हे तुम्हाला विचारावंच लागेल.

चौथा फाटा, नाव कोणाचं? रिअलमी २०१८ मध्ये ओप्पोमधून वेगळी झाली. पोको २०२० च्या जानेवारीत भारतात शाओमीपासून वेगळा ब्रँड म्हणून उभा राहिला. काही तक्त्यांच्या तळटीपेत ‘शाओमीत पोको धरला आहे’ असं असतं, काहींत पोकोची वेगळी ओळ असते. तळटीप वाचली नाही तर एका वर्षी शाओमी फुगलेली दिसेल आणि दुसऱ्या वर्षी आपोआप रोडावलेली. नोकियाचंही तसंच. फोनांचा धंदा २०१४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला, चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना त्या व्यवहाराबाहेर राहिला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बंद पडला. पुढे तेच नाव घेऊन फिनलंडची एचएमडी ही कंपनी फोन विकायला लागली. फळीवर ‘नोकिया’ आधीही होता, नंतरही होता. मग नोकिया बुडाली की जगली? आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण हवं तर रांजणगावला बघा. एलजीच्या तिथल्या कारखान्यात एके काळी मोबाइल फोनही तयार व्हायचे. एप्रिल २०२१ मध्ये एलजीने जगभरातला फोनांचा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. कंपनी मात्र टीव्ही आणि फ्रिज विकत मजेत उभी आहे. ‘कंपनी संपली’, ‘धंदा सोडला’, ‘नाव विकलं’ या तीन वेगळ्या घटना आहेत. शोधप्रबंधात त्यांना एकच क्रियापद लावू नका.

दुसरा गोल : ‘पसंती’

हा गोल मला माझ्या मामाने समजावला. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘मग त्यांचंच नाव सहमार्गदर्शक म्हणून घाल.’

मामाचं शिरपूर जैनला मोबाइलचं दुकान होतं. शिरपूर म्हणजे वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात. अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे देशभरातले जैन यात्रेकरू येतात ते गाव. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका कंपनीच्या (नाव सांगत नाही) वितरकाने मामाला स्कीम दिली. अमुक इतके नग उचला, एवढी सूट, वर दुकानाला चकचकीत बोर्ड फुकट. मामाने पतसंस्थेचं कर्ज काढून माल भरला. दिवाळी झाली, थोडे गेले, बरेच राहिले. महिन्याभरात कंपनीने त्याच मॉडेलची किंमत उतरवली. अशा वेळी दुकानदाराला जुन्या मालावर फरकाची क्रेडिट नोट मिळते, तशी मिळेल असं वितरक म्हणाला. ती आली नाही. मग वितरकच फोन उचलेनासा झाला.

मी तेव्हा एम.कॉम.ला होते. काही वर्षांनी सिनॉप्सिससाठी जुने आकडे काढत होते, तर त्या दिवाळीच्या तिमाहीत त्याच कंपनीची घसघशीत वाढ दिसली. मी कौतुकाने मामाला सांगितलं, की बघ, त्या वर्षी यांचे किती फोन विकले गेले.

मामा म्हणाला, “इकले? कोणी इकले माय? डबे तं माह्या फळीवरच व्हते!”

झालं. यातच सगळं आलं.

या अहवालांत जो शब्द असतो तो ‘शिपमेंट’. त्याचा अर्थ कंपनीने वितरणाच्या साखळीत पाठवलेला माल. कंपनीकडून वितरकाकडे, वितरकाकडून दुकानात. गिऱ्हाइकाने पैसे मोजून फोन खिशात घातला ही गोष्ट त्यात नाही. बहुतेक वेळा पाठवलेला माल आज ना उद्या विकला जातो, म्हणून लांबच्या काळात दोन्ही आकडे जवळ येतात. पण एका तिमाहीपुरतं बघितलं तर मामाच्या फळीवर अडकलेला प्रत्येक डबा अहवालात कंपनीचं यश म्हणून नोंदला गेला होता आणि पतसंस्थेच्या वहीत मामाचं कर्ज म्हणून. डबा एकच. मी त्यालाच ‘ग्राहकांची पसंती’ म्हटलं होतं. ग्राहकाने तर तो डबा हातातही घेतला नव्हता!

ही शंका फक्त मामाची नाही. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिसने मायक्रोमॅक्सला २२ टक्के आणि सॅमसंगला २० टक्के दिले, तेव्हा सॅमसंगने ते मानलं नाही आणि जीएफके या दुसऱ्या संस्थेचा दाखला दिला. २०१७ च्या शेवटच्या तिमाहीत काउंटरपॉइंट आणि कॅनालिस या दोघांनीही शाओमीला सॅमसंगच्या पुढे ठेवलं, तेव्हाही हेच झालं. जीएफके मोजते ती दुकानातून गिऱ्हाइकाला झालेली विक्री. ऐकायला हेच जास्त खरं वाटतं. पण थांबा. शाओमी भारतात आली तीच मुळी २०१४ च्या जुलैमध्ये फ्लिपकार्टवरून, ऑनलाइन. दुकानातली विक्री मोजणारी पट्टी लावली की ऑनलाइन विकणारी कंपनी आखूडच दिसणार. म्हणजे एका पट्टीत फळीवरचे डबे जास्तीचे येतात, दुसऱ्या पट्टीत कुरिअरने आलेले डबे कमी पडतात. आणि प्रत्येक कंपनी आपल्याला लांब दाखवणारी पट्टी पुढे करते. त्यात वाईट काही नाही, तो तिचा धंदा आहे. आपला धंदा वेगळा आहे, एवढं आपण विसरायचं नाही.

सणाचाही खेळ यात असतो. दसरा-दिवाळीचा माल दुकानात आधी भरला जातो, म्हणून भारतात जुलै-सप्टेंबरच्या शिपमेंट फुगतात. दिवाळी २०१५ मध्ये ११ नोव्हेंबरला होती, २०१७ मध्ये १९ ऑक्टोबरला. तीन आठवडे इकडेतिकडे झाले की माल एका तिमाहीतून दुसरीत सरकतो. आमच्या वाशिमकडे तर लोक फोन घेतात ते सोयाबीन विकल्यावर. कॅलेंडरवरची तिमाही आणि शेतकऱ्याची तिमाही वेगळी असते.

तिसरा गोल : ‘मुळे’

चार गोलांतला सगळ्यात छोटा शब्द, आणि सगळ्यात महाग.

मायक्रोमॅक्स का घसरली? कोणालाही विचारा, उत्तर तयार असतं : चिनी फोन स्वस्त होते. आता मी तुम्हाला तारखा देते. २०१४ च्या शेवटी मायक्रोमॅक्स पहिली, २२ टक्के. २०१६ च्या शेवटच्या तिमाहीत पहिल्या पाचांत एकही भारतीय कंपनी नाही. सॅमसंग सोडली तर बाकीच्या चार चिनी : शाओमी, लेनोवो, ओप्पो, विवो. दोन वर्षांत होत्याचं नव्हतं झालं.

वाचलंत? पटलं? मग आता मागे जाऊन बघा मी काय केलं ते. पहिलं वाक्य कॅनालिसचं आहे आणि दुसरं आयडीसीचं. दोन वेगळ्या पट्ट्या जोडून मी एक सरळ रेघ काढली, आणि वरचा सगळा उपदेश वाचूनही तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती गिळली असणार. घसरण झाली ही दिशा खरीच आहे, ती कोणत्याही संस्थेच्या आकड्यांत दिसते. पण ‘इतके टक्के घसरण’ असं या दोन आकड्यांची वजाबाकी करून लिहायचा अधिकार आपल्याला नाही. व्हायव्हामध्ये परीक्षक बरोबर इथेच बोट ठेवतात.

आता ‘मुळे’कडे वळू. त्या दोन वर्षांत काय काय झालं ते एका रांगेत मांडा. शाओमी २०१४ मध्येच आलेली. ओप्पो आणि विवो गावोगावच्या दुकानांवर निळे-हिरवे बोर्ड लावत सुटलेल्या. म्हणजे एक चिनी वाट ऑनलाइनची आणि दुसरी थेट दुकानाच्या काउंटरची, दोन्ही ‘चिनी’ म्हणून एकाच पोत्यात भरता येत नाहीत. ओप्पो-विवो तर किमतीत सगळ्यात स्वस्त नव्हत्याच. त्यांनी दुकानदाराला कमिशन आणि काउंटरवर उभा राहणारा माणूस दिला. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि जिओचं जाळं निव्वळ ४जीचं होतं, त्यामुळे ३जी फोनांचा साठा असलेला प्रत्येक जण अडकला. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी आली आणि रोखीने फोन घेणारं गिऱ्हाईक महिनोन्‌महिने थंडावलं. शिवाय मायक्रोमॅक्समध्येही त्या काळात वरची माणसं बदलत होती.

इतक्या गोष्टी एकाच वेळी घडल्यावर एकीच्या गळ्यात ‘मुळे’ घालायचं कसं? साधी युक्ती सांगते. काळाचा क्रम तपासा. मायक्रोमॅक्सची उतरण २०१५ मध्येच सुरू झाली होती. जिओ आणि नोटाबंदी २०१६ च्या शेवटी आल्या. म्हणजे त्या दोन गोष्टी उतरण वाढवू शकतात, सुरू करू शकत नाहीत. एवढं तरी निव्वळ तारखांवरून छातीठोकपणे म्हणता येतं. दुसरी युक्ती, उलटं उदाहरण शोधा. जिओचा आणि नोटाबंदीचा फटका सगळ्यांना बसला असेल तर सॅमसंग का पडली नाही? तिच्याकडे काय होतं जे भारतीय कंपन्यांकडे नव्हतं? इथे तुमचं खरं संशोधन सुरू होतं. स्वतःचे कारखाने, ४जी फोनांची तयारी, वितरकांशी जुनं नातं, यातलं काय किती वजनाचं, हे शोधण्यासारखं आहे. ‘चिनी स्वस्त होते’ हे उत्तर तुम्हाला या प्रश्नापर्यंत येऊच देत नाही.

आणि स्वस्ताईच सगळं ठरवत असेल, तर उलटं का झालं नाही? २०२० मध्ये सीमेवरच्या गलवानच्या संघर्षानंतर चिनी मालावर बहिष्काराची हवा होती. त्या नोव्हेंबरात मायक्रोमॅक्स ‘इन’ या नावाने परत आली. काळ अनुकूल, भावना अनुकूल. तरी ती पहिल्या पाचांत परतली नाही. म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनातली भावना आणि दुकानाच्या फळीवर माल पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेही मामाने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणा ना.

चौथा गोल : ‘ग्रामीण’

या शब्दाला माझ्याकडे काहीच आधार नव्हता. एकही आकडा नाही. देशाचा आकडा घेतला आणि त्यावर ‘ग्रामीण’ अशी चिठ्ठी डकवली.

देशाच्या सरासरीवरून गावाबद्दल बोलणं ही आपल्याकडच्या प्रबंधांतली सर्वांत मोठी साथ आहे. पहिल्या प्रकरणात जगाचा आकडा, दुसऱ्यात देशाचा, तिसऱ्यात राज्याचा, आणि चौथ्यात एकदम शंभर प्रश्नावल्या. वरच्या आकड्यांचा खालच्या गावाशी काही धागा आहे का, हे कोणी तपासत नाही.

म्हणून मी शिरपूरला गेले. ठरवलं होतं, दुकानदारांना विचारायचं की कोणते फोन किती विकता. पहिल्याच दिवशी कळलं की हे कोणी सांगत नसतं. स्टॉकची वही दाखवणं म्हणजे जीएसटीपासून शेजारच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना आपला खिसा दाखवणं. शिवाय शिरपूरचा माणूस फोन शिरपूरलाच घेतो असं कुठे आहे? वाशिमला घेतो, अकोल्याला घेतो, ऑनलाइन मागवतो. पुण्याला कामाला असलेला मुलगा नवा घेतो आणि जुना आईला पाठवतो. तो आईच्या हातातला फोन कोणत्याही शिपमेंटमध्ये दुसऱ्यांदा येत नाही. विक्री एका गावात, वापर दुसऱ्या गावात, आणि माझा प्रश्न नेमका कशाबद्दल, हेच मी ठरवलेलं नव्हतं.

वाट पुन्हा मामानेच दाखवली. मामा आता नवे फोन विकत नाही. त्या दिवाळीचं कर्ज फेडता फेडता त्याने दुकानाचा अर्धा गाळा सोडला. उरलेल्या अर्ध्यात तो फोल्डर बदलतो, चार्जिंग जॅक बसवतो, टेम्पर्ड ग्लास लावतो. भिंतीवर कव्हरं टांगलेली असतात. मी बसल्या बसल्या त्या भिंतीकडे बघत होते आणि एकदम लक्षात आलं की अहवाल हाच आहे! जी कव्हरं खपत नाहीत ती दुकानदार भिंतीवर ठेवत नाही, जागा महाग असते. ज्या मॉडेलचा फोल्डर मामा नेहमी आणून ठेवतो, तो फोन गावात आहे. नुसता विकला गेलेला नाही. लोकांच्या हातात आहे, रोज पडतो, फुटतो आणि दुरुस्तही करावासा वाटतो. बातम्यांतून कधीच्याच गेलेल्या कंपन्यांची कव्हरं त्या भिंतीवर आहेत. बाजारातून कंपनी जाते तेव्हा गावातून ती लगेच जात नाही.

ही पद्धत परिपूर्ण आहे असं मी म्हणत नाही. तिची खोट लगेच सांगते, कारण तुमच्या पद्धतीची खोट दुसऱ्याने सांगण्याआधी तुम्ही सांगायची असते. दुरुस्तीच्या दुकानात नाजूक फोन जास्त येतात, दणकट कमी. महागडा फोन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातो, मामाकडे येत नाही. सुटे भाग मिळतच नाहीत असा फोन घरच्या कपाटात पडून राहतो. म्हणून भिंतीवरच्या कव्हरांवरून ‘शिरपूरमध्ये अमुक कंपनीचा इतका टक्का’ असं मी कधीच लिहिणार नाही. ‘विक्रीच्या क्रमवारीतून निघून गेलेले फोन वापरात किती काळ टिकतात’ एवढाच प्रश्न त्या भिंतीला विचारता येतो, आणि तेवढाच मी विचारते.

एक सावधगिरीही. लहान गावात ‘नाव गुप्त ठेवलं आहे’ हे वाक्य फसवं असतं. ‘बस स्टँडजवळचं दुरुस्तीचं दुकान’ एवढं लिहिलं की गावाला माणूस कळतो. माहिती घेण्याआधी संमती घ्याच, पण लिहिताना खुणाही पुसा. मामाबद्दल इथे लिहिण्याआधी त्याला वाचून दाखवलंय. तो म्हणाला, “लिही. पण कर्ज फिटलं हेबी लिही.” तर, कर्ज फिटलं आहे.

मग हे अहवाल फेकून द्यायचे का?

अजिबात नाही. मी एवढी टीका केली म्हणून गैरसमज नको. हे अहवाल कंपन्यांसाठी आणि गुंतवणूकदारांसाठी तयार होतात. त्यांना वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते लवकर कळायला हवं असतं, आणि त्या कामासाठी ते चांगले आहेत. एकाच संस्थेचे सलग अनेक तिमाह्यांचे आकडे घेतले, तळटीपा वाचल्या, तर चढ आणि उतार विश्वासाने दिसतात. चूक अहवालाची नाही. दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर आपण आपल्या प्रश्नाखाली चिकटवतो, ही आपली चूक आहे.

हीच सवय गुंतवणुकीच्या आकड्यांतही दिसते. ऑगस्ट २०१५ मध्ये फोन जोडणी करणाऱ्या फॉक्सकॉनने महाराष्ट्र सरकारशी ५ अब्ज डॉलरचा सामंजस्य करार केला. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनीच तो प्रकल्प होणार नसल्याचं सांगितलं. मधल्या वर्षांत जो कोणी ‘महाराष्ट्रात ५ अब्ज डॉलरची गुंतवणूक झाली’ असं लिहून बसला असेल, त्याने करारालाच कारखाना समजलं. मी पाठवलेल्या डब्याला विकलेला डबा समजले होते. दोन्ही एकाच जातीच्या चुका.

तेव्हा कुठलाही आकडा उचलण्याआधी त्याच्या शेजारी पाच गोष्टी लिहून ठेवा : कोणी मोजलं, काय मोजलं (पाठवलेलं, विकलेलं की वापरातलं), नग की रुपये, कोणत्या काळाचं, आणि कोणत्या भागाचं. पाचपैकी एक जरी रिकामी राहिली तर तो आकडा सिनॉप्सिसमध्ये जाणार नाही, असा नियम करा. सुरुवातीला वैताग येतो. तक्ते अर्धे होतात. पण जे उरतं त्यावर उभं राहता येतं.

माझं ते वाक्य आता असं आहे:

‘कॅनालिसच्या अंदाजानुसार ऑक्टोबर-डिसेंबर २०१४ या तिमाहीत भारतात पाठवलेल्या स्मार्टफोनांच्या नगसंख्येत मायक्रोमॅक्सचा वाटा सर्वाधिक (२२ टक्के) होता, पुढील वर्षापासून तो घटत गेला. या घटीची कारणे आणि लहान गावांतील प्रत्यक्ष वापरावर तिचा झालेला परिणाम यांचा अभ्यास प्रस्तुत संशोधनात केला जाईल.’

पहिल्या वाक्याइतकं हे खणखणीत नाही, मान्य आहे. भाषणात टाळ्या घेणार नाही. पण यात एकही गोल करायला जागा नाही. मॅडमनी वाचलं, पेन्सिल उचलली, आणि पान उलटलं.

तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात आवडतं वाक्य आज काढा. ज्यावर तुमचा सर्वात जास्त विश्वास आहे तेच. आणि कोणी करायच्या आधी त्यात स्वतःच गोल करून बघा.